सुटी कोणाची ?

सहामाही परीक्षेचा शेवटचा कागद गुरुजींच्या हाती गेला, शाळेच्या दारास कुलूप लागले, की मुले दप्तर कोपऱ्यात भिरकावून अंगणाकडे धाव घेतात. पाऊस सरलेला असतो, खाचरांतील भात पिवळे झालेले असते, चार महिने शेवाळलेले अंगण चोपून सारवण्याची घाई चाललेली असते. वर्षातील सर्वांत सुंदर असे हे दिवस दिवाळीच्या सुटीच्या रूपाने लहान मुलांच्या पदरात पडतात. ह्या दिवसांचे आपण वडील माणसे काय करतो, ह्या प्रश्नास आज आम्ही हात घालणार आहोत. मोठमोठ्या राजकीय घडामोडी चालू असता अग्रलेखाची जागा असल्या घरगुती विषयास कशास, असे कोणी विचारतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, राष्ट्र घडते ते प्रथम घराच्या ओसरीवर, आणि त्या ओसरीवर बसावयास आईबापांस वर्षाकाठी चार दिवसही मिळू नयेत, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही राजकीय घडामोडीइतकीच गंभीर वाटते.

डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्को ह्या जागतिक संस्थेने दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या बैठकीत दीपावलीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. सर्वांस आनंद झाला, आम्हांसही झाला. परंतु वारसा म्हणजे काय ? जी वस्तू एका पिढीच्या हातातून दुसऱ्या पिढीच्या हातात जाते तो वारसा. हातांतच जर काही दिले नाही, मुलास नुसते नवे कपडे चढवून बाजूस उभे केले आणि सण त्याच्या डोळ्यांदेखत विकत आणून मांडला, तर यादीत नाव राहील आणि वारसा मात्र दुकानाच्या फळीवर राहील.

आमच्या डोळ्यांपुढे ह्या वेळी बोर्ली पंचतन आहे. श्रीवर्धन तालुक्यातील ही पेठ आसपासच्या अनेक गावांची आणि वाड्यांची गरज भागविते. एका अंगास दिघीची खाडी, दुसऱ्या अंगास दिवेआगरचा लांबच लांब पुळणीचा किनारा, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भाताची खाचरे. दिवाळी आली म्हणजे ह्या पेठेस क्षणाची उसंत नसते. मुंबईचा चाकरमानी गावी येतो, त्यास तेल, तूप, रवा, साखर, कपडा, पणत्या, सर्व काही एकाच आठवड्यात हवे असते. किनाऱ्यावर मुंबई-पुण्याचे प्रवासी उतरतात, आणि ज्या घरांनी दोन खोल्या वाढवून पाहुण्यांची सोय केलेली आहे, त्या घरांत पहाटेपासून चहा-न्याहारीची धांदल उडते. पैसा हाती येण्याचे हेच दिवस आहेत. तो मिळविण्यात गैर काहीच नाही.

परंतु ह्याच दिवसांत त्या घरातील पाच-सहा वर्षांचे मूल काय करीत असते, हे कोणी पाहिले आहे काय ? बाप दुकानात गल्ल्यावर बसलेला असतो, तो रात्री मुले निजल्यावर घरी येतो. आई चुलीपुढे असते, घरच्या फराळासाठी किंवा पाहुण्यांच्या ताटांसाठी. आजी उखळीसारखी एका जागी बसून करंज्या भरीत असते. मूल एका दारातून दुसऱ्या दारात फिरते, आणि जेथे जाते तेथून त्यास हाकलून लावण्यात येते : येथे तेल तापले आहे, तेथे गिऱ्हाईक आहे, पलीकडे पाहुणे आहेत. शेवटी त्याच्या हाती मोबाईल देण्यात येतो आणि घर शांत होते. ह्यातील विपरीत प्रकार असा की, शहरातील आईबाप आपल्या मुलांबरोबर सुटी घालविण्यासाठी ज्या किनाऱ्यावर पैसे मोजून येतात, त्याच किनाऱ्यावरील मुलांस त्या सुटीत आईबाप मिळत नाहीत. सुटी शाळेने मुलांस दिली. पण ज्यांच्या संगतीवाचून त्या सुटीस अर्थ नाही, त्यांस ती कोणीच दिली नाही. म्हणून आम्ही विचारतो, की ही सुटी कोणाची ?

लहान मुलास सणात काय हवे असते, ह्याचा विचार शास्त्रीय रीतीने करणारी माणसे होऊन गेली आहेत. १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत मादाम माँटेसरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांस आढळले की, मोठ्या माणसांची खरी कामे, म्हणजे झाडणे, पाणी ओतणे, कापड घडी करणे, ही मुलांस खेळण्यांहून अधिक प्रिय असतात. मात्र ती त्यांच्या हातांस पेलतील अशी आणि त्यांच्या गतीने करू दिली पाहिजेत. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक ह्यांनी हाच विचार खेड्यात नेला. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. बोर्डी आणि बोर्ली ह्या नावांत एका अक्षराचे अंतर, आणि दोन्ही गावे समुद्रकाठचीच. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांच्यापाशी परदेशी साधने विकत घेण्यास पैसा नव्हता. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने गोळा करून त्यांतूनच बालशिक्षणाची साधने सिद्ध केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची दृष्टी होती. ह्या दृष्टीने पाहिले तर बोर्लीच्या प्रत्येक घरापुढे उत्तम शाळा तयारच आहे. वाण आहे ती त्या अंगणात मुलाबरोबर खाली बसणाऱ्या वडील माणसाची.

प्रथम किल्ल्याची गोष्ट घ्या. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात आणि बहुधा तो डोंगरी किल्ला असतो. ह्या तालुक्यातील मुलांनी पाण्यातला किल्ला कां करू नये ? दिघीच्या बाजूने पाहिले असता जंजिरा समोर समुद्रात उभा आहे. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत हा सर्व मुलूख सिद्दीच्या अमलाखाली होता. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यास शह देण्यासाठी जवळच पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास समुद्रात भराव घालून जंजिऱ्यापर्यंत पोहोचण्याचा यत्न केला. तरीही तो किल्ला मराठ्यांच्या हाती लागला नाही. अंगणात खळगा खणून पाणी भरा, मध्ये दगडांचा तट रचा आणि मुलास म्हणा की, काठावरून मातीचा भराव घालीत किल्ल्यापर्यंत जाऊन दाखव. माती विरघळेल, भराव खचेल, मूल पुन्हा दगड आणील. इतिहासाचे दहा धडे पाठ करून जे कळणार नाही ते त्यास एका सकाळी कळेल. आणि अपयशाचीही गोष्ट सांगण्यासारखी असते, हेही कळेल. बाजारातील तयार प्लास्टरचा किल्ला ह्यांतील काहीही शिकवीत नाही. तो ओसरीवर ठेवला, छायाचित्र काढले, की त्याचे काम संपले.

दुसरी गोष्ट वाडीची. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पुन्हा रोपे लावण्यात आली. पोफळीस फळ धरावयास वर्षे लागतात, हे येथील लोकांस आम्ही सांगण्याची जरुरी नाही. त्या वादळाच्या वर्षी जन्मलेली मुले आज शाळेत जाऊ लागली आहेत. त्यानंतर लावलेली झाडे आणि ही मुले एकमेकांची समवयस्क आहेत. पाऊस गेल्यावर वाडीचे शिंपण सुरू होते, ते ह्याच सुटीच्या सुमारास. मुलास त्याच्या वयाचे एक झाड नेमून द्यावे, तांब्याभर पाणी त्याच्या हाताने घालवावे, झाडाजवळ उभे करून उंचीची खूण करावी, आणि पुढल्या दिवाळीस दोघांची उंची पुन्हा पहावी. ह्यास एक पैचाही खर्च नाही. ज्याची स्वतःची वाडी नसेल त्याने परसात एक रोप लावावे. मोजण्याचा आनंद तोच.

कंदिलाचेही तसेच. बांबूच्या चार कामट्या, पतंगाचा कागद, पिठाची खळ. हातास खळ लागेल, कागद फाटेल, कंदील एका अंगास कलेल. कललेला असला तरी तो मुलाच्या हातचा आहे, आणि शेजाऱ्याने त्याची वाहवा केली असता मुलाची छाती जितकी फुगते, तितकी विकतच्या कंदिलाने कधी फुगणार नाही. रात्री जेवणे झाल्यावर घरातील कोणीही अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवावे. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली, आणि बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघत आहे. ज्यास स्वतः वाचता येत नाही असे चार वर्षांचे मूलही वडिलांच्या मांडीवर बसून ऐकते, आणि वाचता येणे ही मोठी मौजेची विद्या असली पाहिजे, असा त्याचा ग्रह होतो. शाळेने सुटीत दिलेल्या पानभर उजळणीपेक्षा हा ग्रह आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

परंतु हे सर्व करावयास वेळ पाहिजे, आणि वेळ आकाशातून पडत नाही. तो कोणाच्या तरी कामातून काढावा लागतो. तो कोठून काढावयाचा, हे सांगितल्यावाचून वरील उपदेश पोकळ ठरेल.

प्रथम आईचा वेळ. लाडू, करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, चिवडा, कडबोळी, इतके सर्व प्रकार झाल्यावाचून दिवाळी झाली असे मानावयाचे नाही, हा नियम कोणत्या स्मृतीत सांगितला आहे ? नव्या भाताचे पोहे, गूळ आणि ओले खोबरे, हा कोकणातील पहिल्या अंघोळीचा खरा फराळ. तो घरच्या शेतीतून आणि घरच्या माडाखालून येत असे, आणि त्यासाठी कोणास आठ दिवस धुरात बसावे लागत नसे. शेजारणीने सात प्रकार केले म्हणून आपण आठ करावे, ह्या चढाओढीत आईचे पाठीचे दुखणे वाढते आणि मुलाच्या वाट्यास तिचा वैताग येतो. आमची स्पष्ट सूचना अशी की, प्रत्येक घराने यंदा फराळाचे तीनच पदार्थ करावे. अधिक हवे असतील तर गावातील स्त्रियांच्या बचत गटांकडून विकत घ्यावे. त्यात कमीपणा नाही, उलट एका बाईच्या कष्टाचे दाम तिच्या हाती पडते. आणि जे तीन पदार्थ घरी होतील, त्यांत मुलांचा हात असावा. लाडू वळणे, शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातण फिरविणे ही कामे पाच वर्षांचे मूल हौसेने करते. तापलेल्या तेलापासून त्यास दूर ठेवले म्हणजे झाले. लाडू वाटोळे झाले नाहीत तर देव रागावणार नाही.

येथे मुलींविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पुष्कळ घरांत असे दिसते की, भाऊ माती कालवून किल्ला करतो आणि त्याच्याहून एखाद्या वर्षाने मोठी असलेली बहीण धाकट्या भावंडास कडेवर घेऊन ते लांबून पाहते, किंवा उष्टी भांडी विसळते. सुटी दोघांस मिळाली, पण एकास खेळ आणि दुसरीस चाकरी ! भाऊबिजेच्या दिवशी ओवाळणीत दहाच्या जागी शंभराची नोट टाकल्याने ह्या अन्यायाची भरपाई होत नाही. तट बांधावयास बहिणीस बोलवावे, रांगोळीची ओळ ओढावयास भावाने बसावे, आणि भांडी दोघांनी मिळून पुसावी. जो मुलगा सहाव्या वर्षी हे शिकतो तो तिसाव्या वर्षी आपल्या बायकोस चुलीपुढे एकटी सोडीत नाही. स्त्रीशिक्षणावर भाषणे करणाऱ्यांनी आपल्या घरातील ही दहा दिवसांची शाळा आधी सुधारावी.

आता बापाचा वेळ. आमचे वाचक बहुतांशी व्यापारी आहेत, म्हणून हा मुद्दा आम्ही अधिक सविस्तर मांडतो. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीचा जो कायदा २०१७ साली झाला, त्याअन्वये कामगारांस राष्ट्रीय महत्त्वाच्या चार दिवसांखेरीज आणखी चार सणांच्या दिवशी, मालक व कामगार ह्यांनी मिळून ठरवावे त्याप्रमाणे, भरपगारी सुटी मिळते. परंतु ही तजवीज वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू आहे. खेड्यातील पेठेत इतका नोकरवर्ग बाळगणारे दुकान विरळाच. बहुतेक ठिकाणी मालक, त्याचा भाऊ आणि एखादा पोऱ्या इतकाच कारभार. अशा दुकानदारास सुटी देणारा कोणी मालक नाही आणि कायदाही नाही. त्याची सुटी त्याने स्वतःच मंजूर करावयाची, आणि तीच तो कधी मंजूर करीत नाही !

ह्यावर व्यापारी म्हणतील की, वर्षाची कमाई ह्या आठ दिवसांत होते; आम्ही दुकान लावून मुलांशी खेळत बसलो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. ही अडचण खरी आहे, आणि ती एकट्याने सोडविण्यासारखी नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच आम्ही एकेका दुकानदारास न विनविता सर्व पेठेस मिळून विनवितो. एकाने दुकान लावले तर त्याचे गिऱ्हाईक जाते. सर्वांनी एकाच वेळी लावले तर कोणाचेच जात नाही. ज्यास तेल हवे तो दोन तासांनी येतो, पण येतोच. धनत्रयोदशीची संध्याकाळ आणि लक्ष्मीपूजनाचा दिवस व्यापाऱ्याने खुशाल धंद्यास द्यावा. परंतु नरकचतुर्दशीस सकाळी दहापर्यंत एकाही दुकानाची फळी निघू नये, आणि भाऊबिजेस दुपारी एकपासून पाचपर्यंत सर्व पेठ बंद रहावी, असा ठराव व्यापाऱ्यांनी एकत्र बसून करावा आणि आठ दिवस आधी फलकावर लिहावा. औषधाचे दुकान तेवढे अपवाद असावे. अभ्यंगस्नानाच्या सकाळी आणि भाऊबिजेच्या दुपारी गिऱ्हाईक स्वतःच आपल्या घरी असते. तेव्हा ह्या ठरावाने बुडणारी विक्री फार नाही. पाहुण्यांस खोल्या देणाऱ्या घरांनीही असाच काही नियम करावा. आलेल्या कुटुंबास आधी कळवावे की, पहिल्या अंघोळीच्या दिवशी न्याहारी उशिरा मिळेल, आणि इच्छा असेल तर त्यांच्या मुलांनी आमच्या मुलांबरोबर अंगणात किल्ला करावा. ज्यास खेड्यातील दिवाळी पहावयाची आहे, त्यास ह्याहून अधिक काय हवे ?

कोणी असेही म्हणतील की, मुलास दुकानातच आणून बसवितो, म्हणजे सहवासही घडेल आणि धंदाही शिकेल. लक्ष्मीपूजनास मुलाकडून वहीवर ‘श्री’ काढवावी, नाणी मोजून रचावयास द्यावी, तराजूच्या दोन पारड्यांत काय चालते ते दाखवावे. हे उत्तम आहे. परंतु दिवसभर त्यास पुड्या बांधावयास आणि चहा आणावयास जुंपणे ही सुटी नव्हे. बालकामगारांविषयीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात सुटीच्या दिवशी मदत करण्याची मुभा मुलांस ठेविली आहे हे खरे. पण कायद्याने जितके चालते तितके सर्व बापास शोभते असे नाही.

फटाक्यांविषयी फार लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात दिवाळीस फटाके उडविण्याची वेळ रात्री आठ ते दहा अशी बांधून दिली आणि कमी प्रदूषण करणारेच फटाके विकावे असे बजाविले. नियम किती पाळले जातात हे सर्वांस ठाऊक आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. बाप मुलास फटाक्यांची पेटी आणून देतो, ती पुष्कळदा स्वतः न देऊ शकलेल्या वेळाची किंमत म्हणून. पेटी पाव तासात जळून जाते. मूल पुन्हा रिकामे, आणि पाळण्यातील तान्हे तेवढे दचकून रडत असते. त्याच पैशात कंदिलाचा कागद, दोन वाचनीय अंक आणि पणत्यांचे तेल येईल, आणि उरलेली दिवाळी हाताबोटांस इजा न होता पार पडेल.

ही सुटी काही एका जातीची किंवा धर्माची नव्हे. ह्या किनाऱ्यावरील मुसलमान घरांतील मुलांच्या शाळाही ह्याच दिवसांत बंद असतात, आणि कित्येकांचे बाप आखातात नोकरीस असतात. अंगण, वाडी, समुद्रातला किल्ला आणि रात्रीची गोष्ट ह्यांस धर्म नाही. ज्यांचे भात कापणीस आले आहे त्या शेतकऱ्यांस हे दिवस सुटीचे नसतात, हेही आम्ही विसरलो नाही. पण बांधावर बसून मुलाबरोबर भाकरी खाणे त्यांस साधते, आणि बऱ्याच वेळा दुकानदारापेक्षा अधिक साधते. चार दिवसांसाठी येणाऱ्या चाकरमान्यास आमचे इतकेच सांगणे की, पिशव्या उतरविल्यावर पहिला दिवस गप्पांच्या अड्ड्यास न देता घरातील मुलांस द्यावा.

बालपण फार लहान असते. मूल पाचापासून दहा वर्षांचे होईपर्यंत दिवाळ्या येतात अवघ्या पाच-सहा. दुकानाचा हिशोब चुकला तर पुढल्या वर्षी वसूल करता येतो. ह्या पाच-सहा दिवाळ्यांची बाकी मात्र कोणत्याही वहीत पुढे ओढता येत नाही. बोर्लीच्या व्यापाऱ्यांनी हा जमाखर्च आपल्या मनाशी मांडून पहावा, आणि यंदा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एकत्र बसून वर सांगितलेला ठराव करावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे. त्यांनी तो केला तर शेजारच्या पेठा त्यांचे अनुकरण केल्यावाचून राहणार नाहीत.